पायी हिंडवणाऱ्या कादंबऱ्या सुचवा (गुडघा बदललाय, घरी बसून आहे)

पर्वतीवाली
नमस्कार मंडळी. डावा गुडघा बदलून आज बारावा दिवस. वीस वर्षं रोज पहाटे पर्वती चढणारी बाई मी, आता वॉकर धरून खिडकीपासून स्वयंपाकघरापर्यंत एवढीच मजल. वेळ रग्गड आहे म्हणून अशा कादंबऱ्या हव्यात ज्यात माणूस मोठ्या शहरात खरोखर चालतो, गल्ल्यांची नावं येतात, वळणं कळतात, आणि मला मांडीवर टॅब घेऊन नकाशात त्याच्या मागेमागे जाता येईल. प्रवासवर्णनं नकोत, सध्या ती वाचली की नुसता राग येतो. मराठी, हिंदी, इंग्रजी काहीही चालेल.

बोरूबहाद्दर
ताई, सरळ दस्तयेव्हस्कीचं 'क्राईम अँड पनिशमेंट' घ्या. खुनाची गोष्ट म्हणून सगळे सांगतात पण मला ते पायपिटीचं पुस्तक वाटतं. जुलैची भयंकर उकाड्याची संध्याकाळ, भाडं थकलेला पोरगा घरमालकिणीला चुकवून जिना उतरतो नि पुलाकडे निघतो, इथेच सुरुवात. गहाणवट करणाऱ्या म्हातारीचं घर त्याच्या दारापासून किती लांब तर बरोबर ७३० पावलं, त्याने आधीच मोजून ठेवलीयत! ह्या एका आकड्यावरून मला तो पोरगा जेवढा कळला तेवढा पुढच्या पन्नास पानांत कळला नाही. पीटर्सबर्ग म्हटलं की आपल्याला राजवाडे आठवतात, इथे मात्र सेन्नाया चौक म्हणजे गवताचा बाजार, गुत्ते, चुन्याचा वास, धूळ. पुस्तक १८६६ चं, आणि लिहिताना लेखक स्वतः त्याच भागात राहत होता.

नकाशासाठी टीप: गल्ल्यांची नावं पुस्तकात नुसत्या आद्याक्षरांनी येतात. 'एस' गल्ली म्हणजे स्तोल्यार्नी, 'के' पूल म्हणजे कोकुश्किन. आणि तेव्हाचा येकातेरिना कालवा आता ग्रिबोयेदोव कालवा झालाय, नाहीतर शोधत बसाल.

टिंगूमास्तर
ऑपरेशन झालेल्या बाईला कुऱ्हाडीचा खून कशाला देताय राव 😄 ताई, आधी व्हर्जिनिया वुल्फचं 'मिसेस डॅलोवे' वाचा. छोटं आहे, पडल्यापडल्या हातात धरून मनगट दुखत नाही. १९२३ च्या जूनमधली सकाळ, बाई फुलं आणायला वेस्टमिन्स्टरहून निघते, व्हिक्टोरिया स्ट्रीट ओलांडून सेंट जेम्स पार्कातून पिकॅडिली, मग बाँड स्ट्रीट. मधे मधे बिग बेन टोले देतं. नकाशावर बोट ठेवून तंतोतंत जाता येतं.

आयरिश_कॉफी
चालण्याचा विषय आणि जेम्स जॉइसच्या 'युलिसीस'चं नाव कुणीच काढलं नाही? १६ जून १९०४, डब्लिनमधला एक दिवस, बस. अख्खं वाचलंच पाहिजे असं नाही, मी तीनदा आपटलोय, चौथ्यांदा पार केलं. तुम्ही दहावं प्रकरण सुटं वाचा, एकोणीस तुकडे, दुपारची तीच वेळ, शहरभर वेगवेगळी माणसं एकाच वेळी चालतायत, कुणी कुणाला ओलांडून जातंय, एकाचा तुकडा दुसऱ्याच्यात घुसतोय. जॉइसने हे शहराचा नकाशा समोर ठेवून मिनिटं मोजून लिहिलं म्हणतात.

गंमत म्हणजे हा सगळा काळ तो डब्लिनात नव्हताच. १९१२ नंतर परत पाऊल ठेवलं नाही त्याने. ट्रिएस्ट, झुरिच, पॅरिस असं फिरत, शहराची डिरेक्टरी उशाला घेऊन लिहीत बसला. आणि अडलं की मामीला पत्र! सात नंबर एकल्स स्ट्रीटच्या कठड्यावरून साधा माणूस उतरून खाली उडी मारू शकेल का, लागणार तर नाही ना, हे त्याने खरंच विचारलंय. कारण त्याचा नायक ब्लूम तिथे राहतो, तो किल्ली विसरून आलाय आणि त्याला तसंच घरात शिरायचंय. ते घर आता नाही, दार तेवढं जपून ठेवलंय. घरी बसून शहर चालायचं तर ह्याच्याहून मोठा उस्ताद मिळणार नाही तुम्हाला.

सायली_दोहा
मी जरा उलटं सांगू का. मलाही मागे तीन महिने पलंगावर काढावे लागले होते, तेव्हा चालणारी माणसं वाचून मी जास्तच चिडचिडी झाले. मला उपयोगी पडली ती नगीब महफूझची कैरो त्रयी. तिन्ही भागांची अरबी नावं चक्क रस्त्यांची आहेत. पहिला 'पॅलेस वॉक', मूळ नाव 'बैन अल-कस्रैन', १९५६ चा.

त्यातली आमिना लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या हुकमाने घरात. रस्ता तिला दिसतो तो सज्जाच्या लाकडी जाळीतून, मिनार दिसतात, दुकानदारांचे आवाज, मध्यरात्री नवऱ्याच्या काठीचा आवाज. एकदा तो पोर्ट सईदला गेला असताना मुलं म्हणतात चल आई, आणि ती हुसेनच्या मशिदीत जाते. घरापासून जेमतेम काही गल्ल्या! येताना मोटारीचा धक्का लागून गळपट्टीचं हाड मोडतं, आणि नवरा आल्यावर तिला बरी होईपर्यंत थांबून मग माहेरी हाकलतो. ते पान वाचून मी पुस्तक आपटलं होतं. पण तिसऱ्या भागापर्यंत टिकून राहा ताई. तिथे तोच नवरा आजारी होऊन जाळीमागे बसलेला असतो आणि म्हातारी आमिना मशिदी हिंडून येते. महफूझ ह्यावर काही भाष्य करत नाही, दाखवतो आणि पुढे जातो.

बोरूबहाद्दर
@सायली_दोहा हे वाचलेलं नाही, लाज वाटली. यादीत टाकलं.

नाक्यावरचा
सगळे परदेशात! चालणं नि खिडकी झाली, उभं राहणं राहिलं की. भाऊ पाध्यांचं 'वासूनाका' काढा. पोक्या आणि त्याची गँग नाक्यावर उभी, मुंबई त्यांच्यासमोरून चालत जाते. भाषा झेपत असेल तरच, १९६५ मधे आलं तेव्हा अश्लील म्हणून केवढा गदारोळ झाला होता. आमच्या घरात ते कपाटाच्या मागच्या रांगेत असायचं, त्यामुळेच वाचलं.

टिंगूमास्तर
एक राहिलंच, ओरहान पामुकचं 'अ स्ट्रेंजनेस इन माय माइंड'. मेव्हलुत नावाचा फेरीवाला खांद्यावर कावड घेऊन रात्री इस्तंबूलच्या गल्ल्यांतून बोझा विकतो. बोझा म्हणजे आंबवलेलं दाट पेय, आपल्या आंबिलीच्या नात्यातलं समजा. वर्षं जातात, घरं पडून इमारती होतात, ह्याची आरोळी तीच. जाड आहे, उशीवर ठेवून वाचा.

पर्वतीवाली
मंडळी, मन भरून आलं. सायलीचं आधी मागवलंय, उद्या येईल. सज्जा नाही पण खिडकीला जाळी आहे, डासांची.

बोरूबहाद्दर, तुमच्या पोराचाही उपयोग झाला. माझ्या खिडकीपासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत वॉकरने बावीस पावलं होतात, आजच मोजली. तेहतीस फेऱ्या मारल्या की म्हातारीच्या दाराशी चार पावलं कमी. फिजिओवालीला हा हिशोब सांगितला तर ती म्हणाली, काकू, ह्या आठवड्यात दोनशेच. म्हणजे पुलापाशी कुठेतरी थांबावं लागणार.