मदत हवी आहे: चुन्यात काम करणारे जुने गवंडी कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी. सिन्नर तालुक्यात आमचं पणजोबांच्या काळातलं शेतावरचं दगडी घर आहे. भिंती दोन-सव्वादोन हात जाड, बाहेरून घडीव काळा दगड, आत दगड-मातीचा भराव, वर सागाच्या तुळया आणि पांढऱ्या मातीचं धाबं, म्हणजे सपाट छत. शेजारी गोठा, कडब्याची खोली आणि मोटेची विहीर. विहिरीचं थारोळं, म्हणजे मोटेचं पाणी जिथे ओततात ती जागा, अजून शाबूत आहे, ते बघितलं की फार बरं वाटतं.

अडचण अशी की काही वर्षांपूर्वी आम्ही गोठ्याच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटने भरून घेतल्या. तेव्हापासून आत ओल धरते. चुना ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट ती कोंडून ठेवतं, हे उशिरा कळलं. आता ते सिमेंट काढायचंय, पण दगडाच्या कडा न फोडता कसं?

नाशिक, निफाड, येवला भागात चुना, वाळू, सुरखी (विटांची पूड) मळून, गूळ-हिरड्याचं पाणी घालून काम करणारे कोणी गवंडी माहीत आहेत का? धाब्याला नवी पांढरी माती कधी घालावी, पावसाआधी किती दिवस? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून सांगितलंत तरी चालेल. पावसाळ्याआधी निदान गोठा तरी वाचवायचाय.