मदत हवी आहे: अँजिओप्लास्टीनंतर जांघेत धडधडणारी गाठ

नमस्कार मंडळी, आम्ही नौपाड्यात राहतो. मागच्या मंगळवारी बाबांची (वय ६८) अँजिओप्लास्टी झाली. मनगटाची धमनी बारीक निघाली म्हणून जांघेतून केली. घरी आल्यावर लुंगी बदलताना आईला दिसलं, जांघ काळीनिळी आणि लिंबाएवढी गाठ. हात ठेवला तर ठोक्यागणिक उडते!

डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) ३ सेंमीचा स्युडोअॅन्युरिझम निघाला. म्हणजे सुईचं भोक बुजलंच नाही, धमनीतून रक्त बाहेर येऊन पिशवी झाली. २ सेंमीच्या आतली बऱ्याचदा आपोआप गोठते म्हणे. पण बाबांना नवा स्टेंट, रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू, त्या बंद करता येत नाहीत. डॉक्टर म्हणतात, सोनोग्राफीत बघत पिशवीत थ्रॉम्बिनचं (रक्त गोठवणारं औषध) इंजेक्शन द्यायचं, नाहीच जमलं तर ऑपरेशन. आणि त्यांच्याकडे व्हॅस्क्युलर सर्जन (रक्तवाहिन्यांची ऑपरेशन्स करणारा) नाही, हे आत्ता सांगतायत!

ठाणे, ऐरोली, वाशी भागात हे इंजेक्शन नेहमी देणारे कोणी माहीत आहेत का? कुणाच्या घरी झालं असेल तर नंतर किती वेळ झोपवून ठेवलं, खर्च किती आला? आजच कळलं तर बरं. शेजारचे काका तेल लावून चोळायला सांगतायत, तसले सल्ले कृपया नकोत.