३१ आणि १, दोन्ही विषम, तरी नो पार्किंगचं चलान. भरू की तक्रार करू?

रात्रपाळी_सिस्टर

नमस्कार. मी परळच्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, राहायला मध्य रेल्वेच्या एका उपनगरात. स्टेशनचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या कुणाशी माझं भांडण नाही, फक्त झालेली चूक दुरुस्त व्हायला हवी.

स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर सम-विषमचे बोर्ड आहेत. डेअरीच्या बाजूला विषम तारखेला दुचाकी लावायची, समोर बँकेच्या बाजूला सम तारखेला. रात्रपाळीला मी एरवी स्कूटर नेतच नाही, कारण रात्री लावताना बरोबर असलेली बाजू सकाळी चुकीची होते. शेअर रिक्षानेच जाते. पण ३१ जुलैला संध्याकाळपासून पाऊस नुसता कोसळत होता, रिक्षाच्या रांगेत पन्नासेक माणसं होती आणि ड्यूटीवर उशिरा पोचून चालणार नव्हतं. मनात हिशेब केला, आज ३१, उद्या १, दोन्ही विषम. म्हणजे आजची रात्र डेअरीच्या बाजूला गाडी राहिली तरी नियमातच आहे. म्हणून तिथे लावली.

सकाळी परतीच्या लोकलमध्येच मेसेज आला, नो पार्किंग, ५०० रुपये. उतरले तर हवालदार कोपऱ्यावरच उभे होते. त्यांना तारीख सांगितली. ते म्हणाले, "मॅडम, काल ही बाजू होती, आज ती. रोज बदलते." मी परत म्हटलं, अहो, काल ३१ होती. ते थोडे थांबले, मग म्हणाले, "चलान झालं, आता माझ्या हातात नाही. ऑनलाइन तक्रार टाका." उद्धट अजिबात बोलले नाहीत, तेही माझ्यासारखेच भिजलेले होते.

चलानच्या लिंकवर फोटो आहे. माझी नंबरप्लेट, मागच्या चाकाशी साचलेलं पाणी, डेअरीच्या निळ्या शटरचा कोपरा, ०१ ऑगस्ट, ८:१०. बोर्ड फोटोत आलेला नाही. शेजारी आणखी तीन दुचाकी दिसतात.

घरचे म्हणतात, भर आणि मोकळी हो. पण आमच्या कामात तारीख-वेळ चुकली तर पेशंटचं औषध चुकतं. मी तारीख बघून गाडी लावली होती, आणि चूक केली म्हणून सही मीच कशी करू? कुणी असं चलान रद्द करून घेतलंय का?

कुर्लेकर

ताई, तुमचं बरोबर आहे, पण ५०० साठी दोन चकरा आणि एक सुट्टी जाते. मी मागे भरून टाकलं होतं. तुमची रात्रपाळी, झोप महत्त्वाची.

निवृत्त_शिरस्तेदार

सिस्टर, भरू नका. कोर्टात उभी हयात गेली म्हणून सांगतो. चलान भरणं म्हणजे तडजोड, गुन्हा कबूल केल्यासारखंच. आपल्याकडे डिसेंबर २०२१ पासून नवे दर आहेत, पहिल्या वेळी ५००, पुन्हा झालं तर १५००. म्हणजे आज खोटं कबूल केलंत तर पुढच्या खऱ्या चुकीला १५०० पडतील. कुर्लेकर, हे तुम्हीही लक्षात ठेवा.

आता काय करायचं ते. चलानमधला फोटो आधी फोनमध्ये उतरवून घ्या. मग उजेडात जाऊन तुमचा फोटो काढा, त्यात बोर्ड आणि ते निळं शटर एकाच चौकटीत आलं पाहिजे. तुमची केस त्या एका फोटोवर उभी आहे, कारण पोलिसांच्या फोटोत शटर आहे आणि बोर्ड नाही. दोन्ही शेजारी ठेवले की बाजू कुठली ते सिद्ध झालं.

महाट्रॅफिक ॲपवर तक्रार टाका, तिचा नंबर लिहून ठेवा. तेवढ्यावर थांबू नका. तोच अर्ज कागदावर दोन प्रतींत घेऊन तुमच्या भागाच्या वाहतूक चौकीत जा आणि आपल्या प्रतीवर शिक्का-तारीख घ्या.

अर्जात पाऊस, रांग, ड्यूटी यातलं काहीही लिहू नका. ते वाचलं की समोरच्याला वाटतं तुम्ही सवलत मागताय. तुम्ही सवलत मागत नाही आहात. चार ओळी पुरेत. बोर्ड काय म्हणतो, चलानवर तारीख कुठली, १ ही विषम आहे, चलान रद्द करावे.

लोकअदालतीची नोटीस आली तर हेही ध्यानात ठेवा की तिथे तडजोड होते, चूक कुणाची हे ठरत नाही. रक्कम कमी होईल, पण तुम्हाला हवं ते मिळणार नाही. तुम्हाला गुन्हा नाकबूल करून कोर्टासमोर म्हणणं मांडता येतं.

आणि हा घोळ एकदाचा नाही. ३१ नंतर १ वर्षातून सात वेळा येते, लीप वर्षात २९ फेब्रुवारी धरून आठ वेळा. दरवेळी कुणीतरी सवयीने बाजू बदलत असणार.

भायखळा_बुलेट

दोन गोष्टी आधी तपासा. जागा रेल्वेच्या हद्दीत नाही ना? गेटच्या आत असेल तर नियम रेल्वेचे, प्रकरणच वेगळं. दुसरं, १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठे जयंती असते. मिरवणुकीसाठी त्या दिवसापुरती बंदी लावली होती का? तसा कागद निघाला तर तुमचा सगळा मुद्दा पडेल.

रात्रपाळी_सिस्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. भायखळा दादा, बरं झालं विचारलंत. जागा गेटच्या बाहेर, रस्त्यावर आहे. डेअरीवाल्या काकांकडे आणि रिक्षा स्टँडवर चौकशी केली, त्या दिवशी आमच्या रस्त्याला मिरवणूक नव्हती, बंदीही नव्हती.

शिरस्तेदार काका, फोटो काढला, बोर्ड आणि शटर एकत्र. अर्जाचा पहिला मसुदा दीड पान झाला होता, तुमचं वाचून चार ओळींवर आणला.

आणखी एक कळलं. फोटोतली शेजारची स्कूटर पुलाखालच्या फूलवाल्या मावशींची आहे. त्यांनाही त्याच दिवशी चलान, आणि मुलाने रात्रीच ५०० भरून टाकले. त्यांचं काही होईल का?

निवृत्त_शिरस्तेदार

भरलेले परत मिळणं कठीण, त्यांना खोटी आशा दाखवू नका. पण त्यांनी वेगळा अर्ज जरूर द्यावा, आणि त्यांच्या पावतीची प्रत तुमच्या अर्जाला जोडा. एकाच रांगेत, एकाच दिवशी दोन चलानं म्हणजे गाडीवाल्याची नाही, बाजू ठरवणाऱ्याची चूक, हे त्यातून दिसतं.

रात्रपाळी_सिस्टर

जोडते. उद्या माझा ऑफ आहे, मावशींची सकाळची गिऱ्हाइकं आटोपली की अकराला आम्ही दोघी चौकीत जातोय. अर्जामागे कॅलेंडरची जुलै आणि ऑगस्टची पानं लावली आहेत, ३१ आणि १ ला लाल पेनाने गोल करून.