कारच्या विम्याची तीन कोटेशन, दहा हजारांचा फरक: तुलना नेमकी कशाची करावी?

कासारवडवलीकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे ११९७ सीसीची पेट्रोल हॅचबॅक असून तिची नोंदणी ठाणे आरटीओची, म्हणजे एमएच ०४ आहे. पुढील महिन्यात गाडीला चार वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्याच सुमारास विम्याची मुदतही संपते. आजवर एकही क्लेम घेतलेला नाही. चालू पॉलिसीत ३५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दलची सवलत, मिळालेला आहे.

नूतनीकरणासाठी मी तीन ठिकाणी विचारणा केली. ज्या शोरूममधून गाडी घेतली त्यांनी १७,१८८ रुपये सांगितले. ओळखीच्या एजंटने एका सरकारी विमा कंपनीचे १२,४८० रुपयांचे कोटेशन दिले, आणि तुलना करून देणाऱ्या एका संकेतस्थळावर सर्वांत वरती ६,६२७ रुपयांचा आकडा दिसला. गाडी तीच, मालक तोच, मग दहा हजारांहून अधिक फरक कसा पडतो हे मला उलगडत नाही.

शोरूमच्या कागदावर आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यासाठी धरलेली किंमत, ४,६०,००० आहे. ओन डॅमेजचे, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे, ८,००० रुपये लावून त्यातून ३५ टक्के बोनस वजा केलेला आहे. पुढे झीरो डेप (घसारा न कापता भरपाई) ३,१००, इंजिन प्रोटेक्ट ७००, कन्झ्युमेबल्स (ऑइल, नट-बोल्ट असे सामान) ४००, टायर ९००, किल्ली ३०० आणि रोडसाइड असिस्टन्स २०० असे तपशील आहेत. थर्ड पार्टीचे, म्हणजे इतरांच्या नुकसानीच्या विम्याचे, ३,४१६, वैयक्तिक अपघात विम्याचे ३५० आणि सर्वांवर १८ टक्के जीएसटी. एजंटच्या कोटेशनमध्ये आयडीव्ही ४,४०,००० असून झीरो डेप आणि इंजिन प्रोटेक्ट एवढेच जोडलेले आहे. संकेतस्थळावरच्या कोटेशनमध्ये आयडीव्ही ३,७५,००० आहे आणि जोड म्हणून काहीही नाही.

मी रोज ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने घणसोलीला कामाला जातो, त्यामुळे गाडी आठवडाभर उभीच असते. वर्षाकाठी पाच हजार किलोमीटरसुद्धा जेमतेम होतात. सोसायटीचे पार्किंग मात्र तळघरात आहे. माझ्या नावावर एक स्कूटरही आहे. खर्च कमी करायचा आहे, पण ऐन वेळी हात वर करणारी पॉलिसी नको. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पाचपाखाडी

तपशील दिलात हे बरे केलेत, कारण नुसत्या एकूण रकमेवरून येथे कोणीच काही सांगू शकले नसते. आपण ज्यांची तुलना करत आहात ती एकाच वस्तूची तीन दरपत्रके नसून तीन निरनिराळ्या पॉलिसी आहेत.

प्रथम, जेथे घासाघीस होऊ शकत नाही तो भाग बाजूला काढा. थर्ड पार्टीचा दर केंद्र सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला २,०९४, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्यावरील कारला ७,८९७ रुपये पडतात. आपल्या तिन्ही कोटेशनमध्ये ३,४१६ हाच आकडा असणार. स्पर्धा होते ती केवळ ओन डॅमेज आणि जोड-संरक्षणांच्या भागात, कारण २००७ पासून तेथील दर ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना मिळालेली आहे.

आता शोरूमचा कागद पाहू. चालू पॉलिसीत ३५ टक्के बोनस होता आणि याही वर्षी क्लेम नाही, म्हणजे नूतनीकरणाच्या वेळी तो ४५ टक्के व्हायला हवा. २०, २५, ३५, ४५ आणि ५० अशा त्याच्या पायऱ्या आहेत. शोरूमने मागच्या वर्षीचाच आकडा उचलून ठेवलेला दिसतो. ८,००० रुपयांवर दहा टक्के म्हणजे ८०० रुपये आणि त्यावरचा जीएसटी धरून ९४४ रुपये आपल्या खिशातून विनाकारण जात होते. हा प्रकार जाणूनबुजून होतो की संगणकावर जुनी नोंद तशीच राहिल्याने, यात मी पडत नाही. कागद परत पाठवून दुरुस्ती मागावी.

दुसरी गोष्ट वैयक्तिक अपघात विम्याची. मालक-चालकासाठी १५ लाखांचे हे संरक्षण बंधनकारक असले तरी ते मालकाला एकदाच लागते, प्रत्येक वाहनामागे नव्हे. आपल्या स्कूटरच्या पॉलिसीत ते घेतलेले असेल आणि चालू असेल, तर तसे लिहून देऊन कारच्या पॉलिसीतून ते वगळता येते. ३५० अधिक जीएसटी, म्हणजे ४१३ रुपये वाचतील.

टायर आणि किल्ली यांचे संरक्षण वर्षाला पाच हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला कशासाठी हवे, हे मला तरी समजत नाही. कन्झ्युमेबल्स आणि रोडसाइड असिस्टन्सही काढले आणि फक्त झीरो डेप व इंजिन प्रोटेक्ट ठेवले, तर शोरूमचा हिशोब असा होतो: बोनस वजा जाता ४,४००, अधिक ३,१००, अधिक ७००, अधिक थर्ड पार्टीचे ३,४१६, मिळून ११,६१६ आणि जीएसटीसह १३,७०७ रुपये. एजंटचे १२,४८० याच धर्तीचे आहेत. म्हणजे खरा फरक बाराशेच्या आसपास उरतो, तोही आयडीव्ही वीस हजारांनी वेगळा असताना. संकेतस्थळावर आयडीव्ही ४,४०,००० करून, हीच दोन संरक्षणे निवडून आणि बोनस ४५ टक्के टाकून पुन्हा आकडा काढा. त्याआधी त्या ६,६२७ ला काहीही अर्थ नाही.

ऐरोली सेक्टर ८

मी अनेक वर्षे वाहन विम्याचा सर्व्हेअर (क्लेमच्या वेळी नुकसानीची पाहणी करणारा) म्हणून काम केले असून आता निवृत्त आहे. वरील हिशोब बरोबर आहे. क्लेमच्या वेळी काय घडते, तेवढे जोडतो.

ट्रॅफिकमध्ये पुढच्या टेम्पोला गाडी लागली आणि बंपर व एक हेडलॅम्प फुटला, असे समजा. बंपर ५,२०० आणि हेडलॅम्प ७,८००, मिळून १३,००० रुपयांचे सुटे भाग झाले. दोन्ही प्लास्टिकचे असल्यामुळे साध्या पॉलिसीत त्यांवर ५० टक्के घसारा कापला जातो, मग गाडी कितीही नवी असो. रबर, टायर-ट्यूब आणि बॅटरी यांनाही हाच नियम आहे. फायबरग्लासला ३० टक्के, काचेला शून्य आणि धातूच्या भागांना गाडीच्या वयाप्रमाणे. म्हणजे ६,५०० रुपये आपल्या खिशातून. त्यावर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपयांची सक्तीची कपात, आणि रंगाच्या सामानावरचा घसारा वेगळाच. झीरो डेप असेल तर घसारा वाचतो, हजाराची कपात मात्र राहते. आजकालच्या गाड्यांत पुढून-मागून प्लास्टिकच अधिक असल्याने, पाच वर्षांच्या आतील गाडीला झीरो डेप काढून टाकू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातही वर्षाला किती क्लेम चालतील याची मर्यादा कंपनीगणिक बदलते, ती पाहून ठेवा.

इंजिन प्रोटेक्टविषयी ठाण्यात आणि नवी मुंबईत वेगळे सांगायला नको. वंदना टॉकीजच्या परिसरात पाणी साचले नाही असा पावसाळा विरळाच, आणि आपले तर पार्किंगच तळघरात आहे. पुराने झालेले नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत धरलेले असते, त्यामुळे सीट, गालिचे, वायरिंग यांचा क्लेम बहुधा निघतो. अडते ते इंजिनपाशी. पाण्यात बंद पडलेली गाडी किल्ली फिरवून पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न झाला की सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी पिस्टनला दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हे नुकसान पुराने थेट झालेले नसून नंतरच्या कृतीने झालेले आहे, असे म्हणून साध्या पॉलिसीत ते नाकारले जाते. मी उघडून पाहिलेल्या इंजिनांत एअर फिल्टरचा कागद चिखलाने भिजून लोंबत असे. तो पाहिला की पुढचे सांगावे लागत नसे. इंजिन प्रोटेक्टमुळे हा खर्च धरला जातो, तथापि त्याच्याही अटी वाचाव्यात, आणि पाणी चढलेली गाडी चालू न करता टो करूनच हलवावी. सहाशे-सातशे रुपयांत मिळणारे हे संरक्षण या भागात वाचवण्याची जागा नव्हे.

आयडीव्हीबद्दलही तेच. हप्ता स्वस्त दिसावा म्हणून तो खाली ओढण्याची पद्धत बोकाळली आहे. गाडी चोरीला गेली तर हाती येणारी रक्कम आयडीव्हीवरच ठरते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या पुढे गेला की गाडी पूर्ण निकामी धरतात, तेव्हाही तोच आकडा लागतो. ४,४०,००० ऐवजी ३,७५,००० म्हणजे ६५,००० रुपये आपण आधीच सोडून दिले.

नेरुळ पूर्व

वर्षाला पाच हजार किलोमीटर हा मुद्दा वरील दोन्ही उत्तरांत मागे पडला, आणि माझ्या मते आपली खरी बचत तेथेच आहे. २०२२ च्या जुलैमध्ये विमा नियामकाने वापरावर आधारित जोड-संरक्षणांना परवानगी दिली. त्यानुसार वर्षाचे किलोमीटर आधी जाहीर करून ओन डॅमेजच्या भागात सवलत घेता येते. ओडोमीटरचा फोटो द्यावा लागतो. मर्यादा ओलांडण्याची वेळ आली तर जास्तीचे किलोमीटर आधीच विकत घ्यावेत, कारण मर्यादेपलीकडच्या अपघाताला कंपनी कोणता नियम लावते हे पॉलिसीगणिक वेगळे असते. गणपतीत आणि मे महिन्यात कोकणात जाणे होत असेल तर तेवढे अंतर धरूनच स्लॅब निवडा.

दुसरा मार्ग ऐच्छिक कपातीचा. दुरुस्तीतील पहिले काही हजार मी सोसेन असे कबूल केले की ओन डॅमेजचा हप्ता उतरतो. जुन्या टॅरिफमध्ये, म्हणजे कंपन्यांना मोकळीक मिळण्यापूर्वीच्या दरपत्रकात, २,५०० रुपयांच्या कपातीला २० टक्के सवलत होती, पण कमाल ७५० रुपये. ५,००० च्या कपातीला २५ टक्के, पण कमाल १,५००. आता कंपन्या आपापले आकडे ठेवतात, त्यामुळे विचारून घ्यावे. ज्याला बारीकसारीक ओरखड्यांसाठी क्लेम करायचाच नाही त्याला हे परवडते. आणि तसा तो करूही नये: चार हजारांच्या डेंटिंगसाठी क्लेम केला तर साठत आलेला ४५ टक्के बोनस शून्यावर येतो आणि पायऱ्या पुन्हा २० पासून चढाव्या लागतात.

बाकीच्या सवलती नावालाच. ऑटोमोबाइल असोसिएशनच्या सदस्यत्वाला टॅरिफमध्ये पाच टक्के, पण कमाल २०० रुपये. तेवढ्यासाठी सदस्यत्व घेणे हास्यास्पद आहे. एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने मान्य केलेल्या चोरीविरोधी उपकरणाला अडीच टक्के, कमाल ५००, तेही प्रमाणपत्र असेल तरच.

एक सूचना सीएनजीबद्दल. आपली गाडी पेट्रोलचीच आहे, परंतु पुढे बाहेरून किट बसवल्यास आरसीवर नोंद करून पॉलिसीतही ते दाखवा. थर्ड पार्टीचे ६० रुपये आणि किटच्या किमतीच्या प्रमाणात थोडा ओन डॅमेजचा हप्ता वाढतो. तेवढे वाचवण्यासाठी लपवलेले किट क्लेमच्या वेळी महागात पडते.

कासारवडवलीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे संकेतस्थळावर ४,४०,००० आयडीव्ही, झीरो डेप, इंजिन प्रोटेक्ट आणि ४५ टक्के बोनस टाकून पाहिले. ६,६२७ चे ११,१४६ झाले. स्कूटरच्या पॉलिसीत अपघात विमा आहे, तो वगळला. हा कागद शोरूमला दाखवताच त्यांनी १३,७०७ वरून १२,००० पर्यंत येण्याची तयारी दाखवली, मात्र सोबत असेही सांगितले की पॉलिसी बाहेरून घेतल्यास त्यांच्या वर्कशॉपमध्ये कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचे पैसे विमा कंपनीने थेट भरण्याची सोय, मिळणार नाही. हे खरे आहे का? साडेआठशे रुपयांसाठी कॅशलेस गमावणे मला पटणार नाही. एजंटने आपला आकडा बदलण्यास असमर्थता दर्शवली.

ऐरोली सेक्टर ८

कॅशलेस ही सोय शोरूमने विकलेल्या पॉलिसीशी नव्हे, तर विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातील कराराशी बांधलेली असते. ११,१४६ चे कोटेशन ज्या कंपनीचे आहे तिच्या संकेतस्थळावर गॅरेजांची यादी असते. तिच्यात हे वर्कशॉप आहे का ते पाहा, आणि ग्राहक क्रमांकावर फोन करून खात्रीही करून घ्या, कारण याद्या नेहमीच अद्ययावत नसतात. यादीत असेल तर त्यांचे म्हणणे निराधार आहे. नसेल तर घोडबंदर रोडवर किंवा कोलशेतच्या बाजूला त्या कंपनीचे दुसरे कोणते अधिकृत वर्कशॉप आहे ते पाहा. तेही सोयीचे नसेल, तर साडेआठशे रुपये अधिक देऊन शोरूमची पॉलिसी घेण्यात मला काहीच गैर वाटत नाही.

पाचपाखाडी

सहमत. निर्णय काहीही घेतलात तरी मुदत संपण्यापूर्वी पैसे भरा. एक दिवसाचाही खंड पडला तर गाडीची तपासणी करून घ्यावी लागते, ९० दिवस उलटले तर बोनस जातो, आणि मधल्या काळात रस्त्यावर पकडले गेल्यास पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड आहे. बोनसची टक्केवारी अर्जात आपण स्वतः जाहीर करत असल्याने चालू पॉलिसीची प्रत जवळ ठेवा. नवी कंपनी जुनीकडून पडताळणी करते आणि खोटी माहिती निघाली तर क्लेम अडतो.

पॉलिसीची पीडीएफ आल्यावर इंजिन व चासी क्रमांक, आयडीव्ही, ४५ टक्के बोनस आणि दोन्ही जोड-संरक्षणांची नावे आरसीशी आणि कोटेशनशी ताडून पाहा. गाडीवरचे कर्ज फिटले असेल आणि बँकेचे नाव अजून आरसीवर असेल, तर ते उतरवून पॉलिसीतही दुरुस्ती करून घ्या.