मदत हवी आहे: कमी मिठाच्या लोणच्यात लसूण घालावा का?

मंडळी, सासऱ्यांना बीपी आहे, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, आणि लोणच्याशिवाय त्यांना वरणभात जात नाही. म्हणून यंदा कैरीच्या लोणच्यात मीठ निम्म्यावर आणायचं म्हणतेय. शिवाय लसणाच्या अख्ख्या पाकळ्या हव्यात, ही त्यांचीच फर्माईश.

बुरशीचं एवढं वाटत नाही. तिला हवा लागते, आणि तेलाच्या वर उघडी पडलेली फोड पांढरी झाली तर निदान दिसते तरी. काळजी आहे ती लसणाची. बॉट्युलिझमचे (म्हणजे अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचे) जंतू मातीतले, हवा न पोचणाऱ्या तेलात त्यांचं फावतं, आणि वास-चव बदलेलच असं नाही. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली असेल तर ते वाढत नाहीत हे माहीत आहे. कैरी आंबट असतेच, पण तो आंबटपणा पाकळीच्या आतपर्यंत पोचायला किती दिवस लागतात?

पाकळ्या आधी व्हिनेगरमध्ये मुरवल्या तर चालेल, की लिंबाचा रस पुरेल? बरणी पहिल्या दिवसापासून फ्रीजमध्येच ठेवू का? 'मोहरी-हिंग वाढव, काही होत नाही' हा सल्ला आईकडून मिळालाय! फूड टेक्नॉलॉजीवाले कुणी असतील तर प्लीज सांगा. घरी पीएच पट्टीने लोणचं तपासलेल्यांचा अनुभवही हवाय.