नुसत्या कोंबडी-जाळीवर विसंबू नका

काहीजण म्हणतात, कोंबड्या राखायला परसात कोंबडी-जाळी लावली की झालं. मला नाही पटत. ती पातळ षट्कोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्रा ती दातांनी फाडतो आणि मुंगूस खालून उकरून येतो. अर्ध्या इंची चौकटीची वेल्डमेश (सांध्यांना वेल्डिंग केलेली जाड तारेची जाळी) घ्या (महाग पडते, इलाज नाही) आणि तिची खालची कड फूटभर जमिनीत गाडा. रात्री खुराड्याला पक्की कडी हवी, नुसता दगड लावून भागत नाही. घारीची भीती मुख्यतः पिल्लांना. वर मासेमारीचं जुनं जाळं ताणलं तरी पुरे.

पण जाळीइतकंच लसीकडेही बघा. मानमोडी, म्हणजे राणीखेत हा कोंबड्यांचा साथीचा रोग, आली तर खुराडंच्या खुराडं रिकामं होतं. पिल्लं 5 ते 7 दिवसांची असताना त्यावरच्या लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि साधारण आठव्या आठवड्यात आर-टू-बी या त्याच रोगावरच्या लसीचं इंजेक्शन. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. लसीची कुपी बर्फातच आणायची, आणि एकदा द्रावणात कालवली की उरलेली लस ठेवून चालत नाही. कुपी बहुधा शंभरेक पक्ष्यांना पुरेल एवढी असते, त्यामुळे कोंबड्या पाळणारे चार शेजारी गाठून एकाच दिवशी उरकलेलं बरं.