शब्दचर्चा : ग्रीक 'क्लेओस'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : ट्रॉयच्या युद्धकथेत वीर ज्याच्यासाठी मरायला तयार होतात, त्या 'क्लेओस'साठी एके ठिकाणी 'यश' वाचलं आणि खटकलं. दुसरा शब्द सुचवाल का?

उत्तर : खटकणं बरोबरच आहे. आज 'यश' म्हटलं की हाती घेतलेलं काम फत्ते झालं, एवढंच मनात येतं. होमरच्या 'इलियड' या ट्रॉययुद्धावरच्या महाकाव्यात, नवव्या सर्गात, ग्रीकांचा सर्वांत मोठा वीर अकिलिस आपल्यापुढच्या दोन वाटा सांगतो. ट्रॉयला राहून लढलो तर घर पुन्हा दिसणार नाही, पण क्लेओस अक्षय राहील. घरी गेलो तर आयुष्य लांबेल, क्लेओस बुडेल. इथे 'कीर्ती'च हवी. 'नावलौकिक' नको, तो जिवंतपणी चारचौघांत मिळतो.

क्लेओसच्या मुळाशी 'ऐकणे' हा धातू आहे आणि संस्कृत 'श्रवस्' त्याचा सख्खा भाऊ. होमरचं 'क्लेओस अफ्थितोन' आणि ऋग्वेदातलं 'अक्षित श्रवस्' (दोन्हींचा अर्थ 'अक्षय कीर्ती') यांची जोडी जर्मन भाषाशास्त्रज्ञ आडालबेर्ट कून यांनी १८५३ साली दाखवली. म्हणजे ही कीर्ती कानांवाटे पुढे जाते, गाणारा हवाच. त्याच नवव्या सर्गात ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन याचे दूत येतात, तेव्हा रुसून लढाई सोडलेला अकिलिस रुप्याच्या आडव्या पट्टीची वीणा घेऊन पूर्वीच्या वीरांची कीर्ती गात बसलेला असतो. समोर त्याचा जिवलग मित्र पात्रोक्लस, गाणं संपायची वाट बघत, गप्प. मला सगळ्या काव्यातला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो.

आणखी एक : 'तिमे' या ग्रीक शब्दासाठी सरळ 'मान' लिहावं. लुटीतून वीराला मिळतं ते 'गेरास'. त्याला 'बक्षीस' म्हणू नये, 'मानाचा वाटा' म्हणावं. अगामेम्नॉन अकिलिसच्या वाट्याला आलेल्या ब्रिसेइस या बंदिवान स्त्रीला घेऊन जातो तेव्हा सगळ्या सैन्यादेखत अकिलिसचा मान जातो. हे 'बक्षीस' शब्दातून कळतच नाही.

प्रश्नकर्ता : आभार. मग अकिलिसच्या तोंडी 'मरावे परी कीर्तिरूपे उरावे' घातलं तर?

उत्तर : 'इलियड'पुरतं कदाचित चालेल, पण मी घालणार नाही. होमरच्याच 'ओडिसी' या दुसऱ्या महाकाव्याच्या अकराव्या सर्गात त्याचा नायक ओडिसियस पाताळात मेलेल्या अकिलिसला भेटतो, मेलेल्यांतही तू राजासारखा आहेस म्हणून त्याची समजूत काढतो. त्यावर अकिलिस म्हणतो, मेलेल्यांवर राज्य करण्यापेक्षा जमीनजुमला नसलेल्या गरिबाकडे मोलमजुरी केलेली मला परवडेल. कीर्ती मिळवून बसलेल्याचे हे शब्द आहेत. आपली म्हण त्याच्या तोंडी एकदा बसली, की हे वाक्य वाचकाला त्याचं वाटणार नाही.